जुन्या मॉडेलचा बेंजो

"पुन्हा वाजवा," शेठ म्हणाले.

टेबलावर दोन बेंजो होते. एक अमळनेरच्या नानांचा, तीस वर्षांचा. दुसरा आमचा, तीन दिवसांचा. मी आधी नानांच्या तारेवर नखी मारली, मग आमच्या. नानांचा बेंजो भरल्या गळ्याने बोलला. आमचा पत्र्याच्या डब्यात खडे टाकावेत तसा खणखणला.

"लाकूड तेच?" शेठनी विचारलं.

"तेच," झिपरू मिस्त्री म्हणाले. "जुनं सागवान. पाडलेल्या घराच्या तुळईचं. हे तिसरं सॅम्पल आहे शेठ, यापेक्षा जुनं लाकूड आणायचं तर स्मशानातून आणावं लागेल."

"तारा त्याच?"

"त्याच," मी म्हटलं.

"मग आवाज का तो नाही?"

शेठ उठले. "सोमवारी तीन बँडमास्तर येणार आहेत. त्यांना जुन्या आवाजाचं नवं मॉडेल दाखवायचा शब्द दिलाय मी. नाही जमलं तर सुरतेहून ट्यूनर मागवतो. गोदाबाई, तुम्ही पुन्हा पॉलिश पेपरवर."

एवढं बोलून ते जळगावच्या एसटीला गेले. त्यांचं दुकान जळगावला होतं. आमचा कारखाना धुळ्याला. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी.

बेंजो म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. विलायती बँजो गोल असतो आणि त्याच्यावर कातडं ताणलेलं असतं म्हणतात. आम्ही त्याचं फक्त नाव उचललं. आमचा बेंजो म्हणजे दोन हात लांब पोकळ लाकडी पेटी. वर तारा. तारांच्या वर टाइपरायटरसारखी बटनं. डाव्या हाताने बटन दाबलं की तार खालच्या पितळी पट्टीवर टेकते आणि सूर बदलतो. उजव्या हाताने नखी मारायची. पेटीच्या मधोमध रुपयाएवढं भोक असतं, आवाज बाहेर यायला. त्याला आम्ही तोंड म्हणतो. लग्नाच्या बँडमध्ये त्या काळी, म्हणजे सत्तर सालाच्या आसपास, बेंजो नसेल तर वरबाप तोंड वाकडं करायचा.

मी चौथी शिकले. नऊ वर्षं त्या कारखान्यात पेट्या पॉलिश पेपरने घासल्या. माझ्या शेजारच्या पाटावर ट्यूनर बसायचा. ट्यूनर म्हणजे पट्ट्या जागेवर ठोकून सूर बरोबर लावणारा माणूस. तो ठोकायचा, मी घासायची. नऊ वर्षांत माझे हात खराब झाले आणि कान तयार झाले. तो सुरतेला गेला तेव्हा मी शेठना म्हटलं, मला बसवा. शेठ हसले. मग त्याने अर्धवट ठेवलेला एक बेंजो मी त्यांच्यासमोर लावून दाखवला. तेव्हा हसायचे थांबले. तरी त्या पाटावर मला बसवलं ते "बघू" म्हणूनच. बँडवाले येऊन टोमणे मारायचे. शिरपूरचा मास्तर तर म्हणायचा, "बाई, सूर लावता की फोडणी देता?" मी म्हणायची, "दोन्ही. तुम्हाला कोणतं कळतं?"

तो पाट मला सोडायचा नव्हता. घासण्याचं काम वाईट नाही, पण सूर लावता येत असताना घासत बसणं वाईट आहे.

हे नवं मॉडेल काढायचं कारण म्हणजे, मुंबईहून येणारे बेंजो कडक वाजायचे. मंडपात बसलेल्यांचे दात शिवशिवायचे. आणि सगळ्या खानदेशात एकच बेंजो गोड म्हणून नावाजलेला होता, नानांचा. नाना म्हणजे अमळनेरच्या एका बँडचे मालक. साठीचे. त्यांचा बेंजो त्यांनी तरुणपणी एका जपानी नमुन्यावरून बनवून घेतलेला. शेठनी त्यांच्या घरी चार खेपा घातल्या तेव्हा नानांनी तो पंधरा दिवसांसाठी दिला. स्वतः आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि त्यांच्या खानदेशी बोलीत म्हणाले,

"दख बाई, याले जपजो. मना सख्खा भाऊ शे हाऊ. पुढला बेस्तवारले नशिराबादले लगीन शे, तव्हय माले पाहिजे."

"जपते," म्हटलं.

आम्ही बाहेरून सगळं मापलं. लांबी, रुंदी, पट्ट्यांमधलं अंतर, घोडीची उंची. घोडी म्हणजे तारा ज्याच्यावर टेकतात तो लाकडी तुकडा. तीन सॅम्पल केली. तिन्ही खणखणली. शेठ धमकी देऊन गेले त्या दिवशी शुक्रवार होता.

शनिवारी सकाळी मिस्त्री म्हणाले, "आतून मापल्याशिवाय इलाज नाही. तळाच्या फळीची जाडी कळायला पाहिजे."

"उघडा मग."

"नानांना विचारायला नको?"

"नाना अमळनेरला. सोमवार परवावर. उघडा."

मिस्त्रींनी तळाची फळी पटाशीने हलकेच सोडवली. उलटी करून टेबलावर ठेवली. आम्ही दोघांनी आत पाहिलं आणि दोघेही मागे सरलो.

फळीवर बोटभर जाडीचा काळा-तांबडा थर. वरून कुरकुरीत, खालून डांबरासारखा. त्यात तांदळाचे दाणे, झेंडूच्या पाकळ्या, खोबऱ्याचे तुकडे, उदबत्तीची राख. एक मेलेलं झुरळ. वास देवळाच्या गाभाऱ्यासारखा.

"शी," मी म्हटलं.

मिस्त्रींनी जाडी मापली आणि जेवायला घरी गेले. मी एकटी राहिले. माझ्यात एक खोड आहे, ती सांगून टाकते. घाण दिसली की माझा हात थांबत नाही. देवपूरला माझ्या घरी शेजारणी चप्पल रस्त्यावर काढून यायच्या. मला वाटलं, नानांनी भाऊ म्हणून दिलाय, भावाला अंघोळ घालून परत देऊ. मी उलथनं आणलं. सगळा थर खरवडला. घमेल्यात घातला, तो दीड शेरावर भरला. फळी रॉकेलच्या फडक्याने पुसली. मूळचं लाकूड असं पिवळंधमक निघालं की मला माझंच कौतुक वाटलं. घमेलं मागच्या उकिरड्यावर ओतून आले.

मिस्त्री आले. फळी बघून म्हणाले, "अरे वा." सरस लावून फळी बसवली. दुपारी तारा चढवल्या. मी नखी मारली.

पत्र्याच्या डब्यात खडे.

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले. मी बेंजोकडे. पुन्हा मारली. पुन्हा खडे. तारा उतरवून पुन्हा चढवल्या, पट्ट्या तपासल्या. सूर सगळे बरोबर, गळा मात्र गेलेला. मग मी आमचं तिसरं सॅम्पल शेजारी ठेवून वाजवलं. दोन्ही जुळ्या भावांसारखे. इकडे खडे, तिकडेही खडे.

"बाई," मिस्त्री हळूच म्हणाले, "काम तर झालं. दोन्हीचा आवाज एक झाला."

हसू का रडू कळेना. तेवढ्यात शेठ आले. जळगावला त्यांचा जीव लागेना. म्हणाले, "वाजवा." मी वाजवले. शेठनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. ते फक्त फरक शोधत होते, आवाज गोड आहे की नाही हे नाही.

"हुबेहूब!" शेठ ओरडले. "अहो, काडीचा फरक नाही! कसं केलं?"

मिस्त्री म्हणाले, "आतून माप घेतलं."

मी काही बोलले नाही. खोटं बोलणं आणि गप्प बसणं यात फरक असतो. फार नसतो, पण असतो. त्या दिवशी मला तेवढा पुरला. शेठ म्हणाले, "गोदाबाई, पाट तुमचा." मला आनंद झाला आणि जेवण गेलं नाही.

सोमवारी तिघे मास्तर आले. धुळ्याचा, शिरपूरचा आणि नाना. नानांबरोबर त्यांची बायको होती, तिला सगळे अक्का म्हणायचे. ठेंगणी, ठसठशीत बाई, कपाळावर आठ आण्याएवढं कुंकू. तिला बाजारात पितळी कळशी घ्यायची होती.

शेठनी नाटकच मांडलं होतं. दोरीवर चादर टांगली. चादरीमागे मी आणि दोन बेंजो. समोर मास्तर, चहा आणि भजी. "जुना कोणता, नवा कोणता, ओळखून दाखवा!" शेठ म्हणाले. त्यांना वाटत होतं, कोणाला ओळखता येणार नाही. ते खरंच होतं.

मी पहिला वाजवला. मग दुसरा. बाहेरून नुसता भजी चावल्याचा आवाज.

शिरपूरचा मास्तर म्हणाला, "शेठ, हे दोन्ही नवे झाले. आता जुना काढा ना."

"अहो, यातलाच एक जुना आहे!"

"कशाला चेष्टा करता गरिबाची."

नाना उठले. त्यांनी चादर बाजूला केली. आपला बेंजो उचलला, एक बटन दाबून नखी मारली. चेहरा असा झाला की मी मान खाली घातली. मग त्यांनी बेंजोचं तोंड नाकाशी नेलं.

"याना पोटमा रॉकेल कोणी टाकं?"

अक्का पुढे आली. तिने भोकाला डोळा लावला. मग दुसरा डोळा लावला. मग बोट घालून पाहिलं.

"तीस वरीसना निवद बठ्ठा कोठे गया व माय?"

कोणालाच कळेना. मग अक्काने सांगितलं. खंडेनवमीला वाद्यांची पूजा करतात हे सगळ्यांना ठाऊक. ढोलाला, ताशाला हळद-कुंकू लावायचं, समोर गूळ-खोबरं ठेवायचं. अक्काही तेच करायची. पण बेंजोला तोंड होतं. मग लग्न होऊन आल्यापासून दर खंडेनवमीला ती त्याला खरोखरच जेवू घालायची. गुळाचा पाक, खोबरं, अक्षता, हळद-कुंकू, वर पळीभर तेल. सगळं तोंडातून आत.

"अगं, मला कधी सांगितलं नाहीस!" नाना एकदम मराठीत ओरडले. रागावले की ते शाळामास्तरसारखे बोलायचे.

"तुमी कव्हय इचारं?" अक्का म्हणाली. "त्याले तोंड शे. मंग निवद तोंडमा नही देवाना, ते काय डोकावर ठेवाना?"

शेठ माझ्याकडे वळले. "गोदाबाई?"

"मी खरवडला," म्हटलं. "घाण वाटली. उकिरड्यावर टाकला."

"आणि शनिवारी मला हुबेहूब म्हणून ऐकवलं?"

"हुबेहूब तुम्ही म्हणालात. मी नुसती गप्प होते."

"उठा त्या पाटावरून," शेठ म्हणाले.

शिरपूरचा मास्तर भजं हातात धरून मजा बघत होता. नाना बेंजो मांडीवर घेऊन बसले होते, आजारी पोर घेऊन बसावं तसे. तीन दिवसांवर लग्न. मला त्यांची कीव आली असती, पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"उठते," मी म्हटलं. "पण आधी एक ऐका. लाकूड तेच, तारा त्याच, माप तेच. थर होता तेव्हा आवाज गोड. थर गेला, आवाज गेला. म्हणजे नानांचा आवाज लाकडात नव्हता. अक्काच्या निवदात होता. रिकाम्या घागरीवर टिचकी मारा, खणखणते. पाण्याने भरून मारा, जड बोलते. इथेही तेच. मला दुपारपर्यंत वेळ द्या. आमच्या सॅम्पलमध्ये निवद घालते."

"वेडी झाली बाई," धुळ्याचा मास्तर म्हणाला.

"घालू दे," शेठ म्हणाले. त्यांना तरी दुसरं काय सुचत होतं.

आमच्याकडे सरस वितळवायचा स्टोव्ह होता. मी तो पेटवला. गूळ, खोबरं, हळद, तेल मागवलं. कुंकू अक्काने कनवटीच्या डबीतून काढलं. कळशीचा बाजार राहिला बाजूला, ती माझ्या शेजारी पाटावर बसली आणि सासूसारखी बोलायला लागली.

"पाक पातळ शे. आखो उकाळ."

"अक्का, करपेल."

"तुन्हा हातना करपी. मना हातना नही करपाव."

तिने पळी माझ्या हातातून घेतली. पाक दोनतारी आला तेव्हा मिस्त्रींनी सॅम्पलची फळी सोडवली. आम्ही थर ओतला, पटाशीने सारखा केला. मी म्हटलं, सगळीकडे सारखा नको, तोंडाखाली जाड, कडेला पातळ. कारण खरवडताना तसाच होता, हाताला आठवत होता. मग फळी पडवीतल्या उन्हात ठेवली. धुळ्याचं ऊन, दोन तासांत पाक दगड झाला.

फळी बसवली. तारा चढवल्या. अक्काने बेंजोला नमस्कार केला. मी केला नाही, माझे हात चिकट होते. नखी मारली.

भरला गळा.

अगदी नानांच्यासारखा नव्हता. जरा जाडा होता, सर्दी झाल्यासारखा. पण खडे गेले होते. शिरपूरच्या मास्तरने भजं खाली ठेवलं. "पुन्हा वाजाड," म्हणाला. मी पुन्हा वाजवलं. तो म्हणाला, "बाई, हाच द्या मला. फोडणीसकट."

मग नानांच्या बेंजोतही तसाच थर घातला. त्यांनी ऐकलं आणि बेंजो पिशवीत घातला. शेठ पाटावरून उठा असं पुन्हा म्हणाले नाहीत. जाताना म्हणाले, "बेस्तवारी लग्न नीट पार पडू दे. मग बघू."

बेस्तवारी मी आणि मिस्त्री नशिराबादला गेलो. बोलावणं नव्हतं. बँडवाल्यांच्या मागे जाऊन उभे राहिलो. मिरवणूक निघाली. नाना वाजवायला लागले. बरं वाजत होतं. पाचेक मिनिटांनी त्यांचा हात जरा जलद झाला. मग आणखी जलद. नानांना मी कधी एवढं जलद वाजवताना ऐकलं नव्हतं. बटनांवर बोटं अशी नाचत होती की ढोलवाल्याला दम लागला. वऱ्हाडी खुलले. "नाना, आज काय हात चालतोय!" म्हणून वरबापाने टोपी उडवली. नाना मान झटकत होते, खांदे उडवत होते, मधेच एक पाय आपटत होते. पोरं त्यांच्यासारखी नाचायला लागली.

"रंगात आले," मिस्त्री म्हणाले.

मी नीट पाहिलं. नानांच्या मनगटावरून काळी रेघ वर चढत होती.

"मुंग्या," मी म्हटलं.

गूळ होता ना. तीस वर्षांच्या थरात गूळ कधीच मरून गेला होता. आमचा तीन दिवसांचा, ताजा. नानांच्या घरच्या मुंग्या त्यात बिऱ्हाड करून बसल्या होत्या आणि तारा हलल्या तशा बाहेर निघाल्या. पण नाना थांबले नाहीत. मिरवणूक मारुतीच्या पारापर्यंत जाईतो वाजवत राहिले. वरबापाने पुन्हा तेच वाजवायला सांगितलं. नाना म्हणाले, "आजनं झायं तेवढं बास," आणि बेंजो खाली ठेवून सदरा काढला.

मग माझ्याकडे आले. मी म्हटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "मुंग्या काढ. आवाज राहू दे."

दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगितलं, गूळ चालणार नाही. लाख वितळवून त्यात चिंचोक्याची खळ, लाकडाचा भुसा आणि भरपूर हळद. मुंगीला त्यात खायला काही नाही. अक्काला हे पटलं नाही. "देवले काय भुसा खावाडस?" म्हणाली. शेवटी ठरलं, प्रत्येक बेंजोत आधी गुळाचा एक खडा, कापरासारखा छोटा, आणि वर लाख. मुंगीला पत्ता लागत नाही, देवाला लागतो.

ते मॉडेल चाललं. शेठनी पेटीवर कागद चिकटवला, "जुने मॉडेल". कोणी आवाजाचं रहस्य विचारलं तर शेठ सांगायचे, विलायती वॉर्निश. विलायती वॉर्निश मी घमेल्यात कालवायची. पाट माझाच राहिला, पुढे एकवीस वर्षं. नानांच्या बेंजोला तो पहिला गळा पुन्हा मात्र आला नाही. नाना म्हणायचे, "पहिलेसारखा नही. पन चालस." त्यांनी मला कधी माफ केलं नाही आणि दुरुस्ती दुसऱ्या कोणाकडे कधी नेली नाही.

नंतर माझ्या हाताखाली काही बायका शिकल्या. त्यांना मी एकच सांगायची. जुनं वाद्य उघडलं आणि आत कचरा सापडला, तर तो पुडीत बांधा, वर मालकाचं नाव घाला आणि महिनाभर फळीवर ठेवा. टाकायचं कधीही टाकता येतं. टाकलेलं परत आणता येत नाही. त्या सोमवारी शेठ चादर बांधत होते तेव्हा मी थर परत आणायला घमेलं घेऊन गुपचूप उकिरड्यावर गेले होते. तिथे शेळी उभी होती. तिने सगळं चाटून पुसून खाल्लं होतं आणि तिचा आवाज काही सुधारला नव्हता.